उज्ज्वलाच्या सात जणी

आमच्या डिंगोरे गावची उज्ज्वला पुण्याहून शिल्पकला शिकून आली आणि लग्नाचं नाव न काढता शेतातल्या विहिरीवर दगड घडवत बसली. दगडांना ना नाक, ना डोळे. लोक विचारायचे, "ह्ये काय हाय?" ती म्हणायची, "दगड हाय." पोरगी तोंडाची फटकळ, म्हणूनच मला आवडायची. दगड माझ्याच टेम्पोतून यायचे.

२००३ साली पुण्यातल्या एका कलादालनाने तिला प्रदर्शनाला बोलावलं. आयुष्यातलं पहिलंच. तिने काळ्या पाषाणाचे सात उभे दगड घडवले आणि पाणी मारून घासायला सोपं म्हणून विहिरीच्या काठावर ओळीने लावले. झालं! विहिरीवर ओळीने सात दगड म्हणजे साती आसरा, पाण्यातल्या देवी. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही हे कळतं. सकाळी बघतो तर सातही जणींना हळदकुंकू, पुढ्यात दहीभात.

सरपंच संपततात्या चार माणसं घेऊन आले. "देवी बसल्या. आता हलवायच्या न्हाईत."

"मी बसवल्या, मीच उठवनार," उज्ज्वला कडाडली. "भाऊ, टेम्पो लावा."

मी लावला. तात्यांची माणसं आडवी आली, तेवढ्यात झुंबरबाई पुढे आली. तिची लेक याच विहिरीत बुडून गेलेली. सगळ्यात लहान, निमुळत्या दगडावर तिने हिरव्या बांगड्या चढवल्या होत्या.

"न्यायच्या तर ने, पोरी. पर माझ्या लेकीच्या बांगड्या काढू नगं."

तिचं ऐकून माणसं बाजूला झाली. तो दगड तेवढा उज्ज्वलाने स्वतःच्या गोधडीत गुंडाळला.

पुण्यात कलादालनाचे साहेब दगडांभोवती फिरले, खूश झाले. मग म्हणाले, "हे कुंकू धुवून टाका, बांगड्या काढा. आधुनिक कलेत पूजापाठ नको. नुसता आकार हवा."

काढल्या असत्या तर गावात कुणाला कळणार होतं?

"कुंकू निघणार नाही. बांगड्याही नाहीत," उज्ज्वला म्हणाली.

"मग इथे जागा नाही."

"नसू दे."

मला राग आला. एवढी मेहनत आणि हातातोंडाशी आलेला घास घालवला! वाटेत मी तसं म्हणालोही. ती म्हणाली, "भाऊ, रस्त्याकडं बघा." रडत होती, पण मान ताठ.

दगड परत विहिरीवर उतरवताना संपततात्यांना कोण आनंद! "बघितलंस? देवीच म्हनल्या, न्हाई जायचं."

"देवी कायबी बोलल्या न्हाईत, तात्या," उज्ज्वला म्हणाली. "न्हाई मी म्हनले."