काठीला हात न लावणारे आबा

जर्मनीत आल्यापासून आमचे आबा खोकायचेसुद्धा उशीत तोंड खुपसून. रविवारी तर जास्तच, कारण रविवारी आवाज केलेला इथे खपत नाही, असं निखिलने त्यांना आल्या आल्या सांगून ठेवलं होतं. निखिल माझा नवरा, आबा माझे सासरे. अलिबागकडच्या खाडीकाठी जन्म काढलेला माणूस. या काठावरून हाक मारली तर त्या काठावरचा वळून बघेल असा आवाज. न्युरेम्बर्गच्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर येऊन तो आवाज पार कुजबुजीवर आला. "खालची बाई कळवेल," म्हणायचे. कुणाला कळवेल, काय कळवेल, हे विचारायची सोय नव्हती.

याला कारण आम्हीच. त्या उन्हाळ्यात आमचा इथे कायम राहायच्या परवानगीचा अर्ज आउसलेंडरआम्टमध्ये, म्हणजे परदेशी लोकांच्या कचेरीत, पडून होता. तो मंजूर झाला की नोकरी गेली तर देश सोडायची टांगती तलवार जाणार होती. निखिल एकदा जेवताना सहज म्हणाला, "आता मध्येच काही लफडं व्हायला नको." झालं. आबांनी ते धरूनच ठेवलं. रस्ता मोकळा असला तरी लाल दिव्याला उभे. दही संपलं की रिकामा डबा घेऊन माझ्या मागे मागे, "अगं, हा पिवळ्या पिशवीत की काळ्या डब्यात?" मी वैतागून म्हणायचे, "टाका हो आबा कुठेही." मग त्यांचा चेहरा असा काही व्हायचा, की मीच उठून टाकून यायचे.

गरवायला जायचं, म्हणजे गळ टाकून मासे पकडायला जायचं म्हटलं, की मात्र माणूस खुलायचा. आबा येणार म्हणून निखिलने हिवाळ्यात क्लास लावला, परीक्षा दिली, मासेमारीचा परवाना काढला. परवाना ज्याचा, गळाची काठी त्यानेच धरायची, हे क्लासमध्ये त्याने ऐकलं नसेल असं नाही. घरच्या माणसाला कोण विचारतंय, असं त्याने आपल्या पद्धतीने ठरवून टाकलं असावं. पण आबांनी पहिल्याच दिवशी सरळ विचारलं, "मी धरली तर कायद्यात बसतं का?" निखिलला खोटं बोलवेना. आबा म्हणाले, "मग तू धर. काय लावायचं ते मी बघतो."

शुक्रवारी संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर जाहिरातींचे कागद पसरायचे आणि त्यांवर खोटे मासे मांडायचे. आमिषाला जिवंत मासा लावायची इथे बंदी. जिवंत कोळंबीवर जिताडे काढलेल्या माणसाला रबराचा मासा म्हणजे थट्टाच. "खोटं खायला घालायचं, तर निदान खऱ्यासारखं हललं तरी पाहिजे," म्हणत ते एकेक मासा दोरीला बांधून माझ्या बाथटबमध्ये ओढून बघायचे. नुसती शेपटी वळवळली तर नापास, सगळं अंग डुललं तर पास. गळाचं टोक अंगठ्याच्या नखावर टेकवायचे. सरकलं म्हणजे बोथट, की कानस घेऊन बसलेच. गढूळ पाण्याला भडक पिवळा, निवळ पाण्याला राखाडी आणि बारका. त्या वेळी मात्र ते चक्क मोठ्याने बोलायचे आणि मी खिडकी लावून घ्यायचे.

आम्हाला हवा असायचा बार्श, अंगावर काळे पट्टे असलेला मासा. पण आम्ही जायचो त्या कालव्यात हेश्तही असतो, लांब जबड्याचा. त्याचे दात दोरी कापतात, म्हणून गळाच्या वर तारेचा तुकडा जोडतात. तार दिसली की बार्श बिचकतो, हे पहिल्याच शनिवारी रिकाम्या हाताने परत आल्यावर कळलं. निखिल म्हणाला, तार काढू. आबा काढू देईनात. "दोरी तुटली तर तो बिचारा तोंडात गळ घेऊन फिरेल. आणि कुणी बघितलं म्हणजे?" त्यांची दया आणि त्यांची धास्ती अशी एकाच वाक्यात असायची.

काठावर ते निखिलच्या मागे उभे राहायचे, दोन्ही हात पाठीमागे बांधून. माझ्या हातात काही नाही हे लांबून कळलं पाहिजे, म्हणायचे. सूचना मात्र अखंड. "सावकाश ओढ. थांब. बुडू दे त्याला." निखिल कधी कधी चिडायचा, "अहो आबा, तुम्हीच धरा ना एकदा. कुत्रंही नाहीये इथे." आबा मान हलवायचे, पण नजर काठीवरून हलायची नाही. मला फार वाईट वाटायचं.

ऑगस्टमधल्या एका शनिवारी निखिल शेवाळावरून घसरला आणि गुडघ्यापर्यंत पाण्यात गेला. काठी हातातून सुटून आबांच्या पायाशी दगडांवर पडली. नेमका तेव्हाच मासा लागला आणि काठी सरसर पाण्याकडे निघाली. नुसता पाय ठेवला असता तरी थांबली असती. आबा जागचे हलले नाहीत. पाठीमागे बोटं एकमेकांत घट्ट अडकवलेली, आणि "निखिल, काठी, अरे काठी चालली" एवढंच तोंडाने चाललेलं. शेवटी मी हातातला खाण्याचा डबा टाकून धावले आणि काठी धरली.

मासा चांगला हातभर होता. आबांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. लांब एक बाई कुत्रा घेऊन चालली होती, तिच्याकडे बघत होते.

"तिने पाहिलं," ते म्हणाले.

"ती कुत्र्याच्या मागे आहे हो, आबा."

"अगं, काठी तू धरलीस. अर्जात तुझंही नाव आहे ना?"

मला हसू येईल असं वाटलं होतं, पण रडूच आलं. घरी त्यांनीच आणलेल्या मसाल्यात तो मासा तळला. आबांनी वरणभात खाल्ला आणि पोट ठीक नाही म्हणाले. त्यानंतर पोस्टमनची सायकल दिसली की ते खिडकीशी. गावी परत निघाले त्या दिवशीही विमानतळावर आत जाताना मला बाजूला घेऊन विचारलं, "काही आलं नाही ना?"

पत्र आलं ते पानगळीत. निखिलने कॉलिंग कार्ड खरवडून फोन लावला, स्पीकरवर टाकला. "आबा, मंजूर झालं. कायमचं."

"सुटलो रे बाबा," आबा म्हणाले. कितीतरी दिवसांनी त्यांचा खरा, खाडीपलीकडे जाणारा आवाज ऐकला. कागद हातात आला का, शिक्का आहे का, नाव बरोबर लिहिलंय का, सगळं विचारून झालं. मग म्हणाले, "म्हणजे आता तुम्ही तिकडेच."

"तसं काही नाही हो आबा," निखिल म्हणाला. आम्ही नुसतं मंजुरी, मंजुरी करत बसलो होतो. ती मिळाल्यावर अलिबागच्या घरात कोण उरणार, हे आमच्या कधी मनातही आलं नव्हतं.

"अरे, मला काय ते आज कळलं होय?" आबा म्हणाले. "तू अर्ज केलास तेव्हाच कळलं होतं. ठेव आता, कार्ड संपेल."