शेंदराखालची अक्षरं

एका दगडाची केस माझ्या डोक्यातून अजून जात नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. ते सगळे आता पुसट झाले आहेत, पण हा दगड तसाच राहिला.

मी तेव्हा पूर्व उपनगरातल्या एका पोलीस ठाण्याचा वरिष्ठ निरीक्षक होतो. आमच्या हद्दीत खाडीकाठी एक जुनं कोळी गाव होतं. मागे तेल कारखान्यांच्या टाक्या, पुढे चिखल आणि होड्या. एका बिल्डरने सरकारदरबारी दावा केला होता की हे मूळ गाव नव्हेच, मागाहून पसरलेली झोपडपट्टी आहे. तो मान्य झाला असता तर घरं, मासे सुकवायचं खळं, होड्या लावायची जागा, सगळ्याची वाट लागली असती. सोमवारी मोजणी अधिकारी येणार होते. गावाच्या बाजूने एक समिती लढत होती. तिचे अध्यक्ष तेल कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर होते. माणूस अभ्यासू आणि तितकाच तापट.

आदल्या शुक्रवारी संध्याकाळी गावच्या बायका ठाण्यात शिरल्या. पुढे गावदेवीची पूजा करणारी म्हातारी होती. ती अध्यक्षांची थोरली भावजय, विधवा.

"साहेब, आमच्या आईचा आंग सोललाय कुनीतरी!" ती रडत म्हणाली.

मी स्वतः गेलो. गावदेवी म्हणजे एक उभा दगड. पिढ्यानपिढ्या शेंदूर लावून त्यावर जाड थर चढला होता, त्याला गावकरी देवीचं कवच म्हणत. ते कवच नाहीसं झालं होतं. उघड्या दगडावर ओरखडे होते आणि अ‍ॅसिडचा उग्र वास येत होता. पंचनामा करेपर्यंत देवळासमोर गर्दी जमली. "बिल्डरचीच माणसं!" असा एकच ओरडा चालू होता. अध्यक्ष मागे उभे होते, दगडाकडे बघतही नव्हते. मला वाटलं, धक्का बसला असेल. म्हातारीची फिर्याद घेऊन त्याच रात्री गुन्हा दाखल केला.

नाक्यावरचा पानवाला आमचा खबरी. त्याने टीप दिली, "साहेब, बिल्डरच्या ऑफिसची दोन पोरं दुपारी गाडी घेऊन गावात फिरत होती." दोघांना आणलं आणि वेगवेगळं बसवून विचारलं. फोनमध्ये घरांचे फोटो निघाले, तेवढ्यासाठीच त्यांना पाठवलं होतं. मग समोरासमोर आणलं, तर गाडी कुठे लावली होती यावरूनच ते भांडायला लागले. ठरवून खोटं बोलणाऱ्यांचं सगळं कसं जुळतं. मी त्यांना सोडलं, आणि बाहेरच्या जमावाने मला बिल्डरचा माणूस ठरवलं.

दुसऱ्या दिवशी तिवरांत कालवं काढणाऱ्या एका बाईला चिखलात गाठोडं सापडलं. नव्या हिरव्या खणात देवीचं कवच बांधलेलं होतं. सोबत नारळ, तांदूळ, हळदकुंकू. भाडोत्री गुंड देवीची ओटी भरत नाही. गुन्हेगार गावातलाच होता आणि भक्त होता.

शुक्रवारी दुपारी गावात एक हळद होती, सगळं गाव मांडवात नाचत होतं. लग्नाकार्याला कोण आलं होतं हे कोणाला धड आठवत नाही, पण कोण आलं नाही हे बायका जन्मभर विसरत नाहीत. म्हणून मी म्हातारीला तेवढंच विचारलं.

"सगली व्हती. फकस्त भावजी नव्हते. बीपी वाढलाय बोलले, घरीच..."

ती मधेच थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली. 

अध्यक्षांना ठाण्यात बोलावून समोर बसवलं, चहा मागवला.

"काका, ओटी तुम्ही भरलीत ना?"

त्यांनी कप बाजूला सारला. मग म्हणाले, "बापूस सांगायचा, शेंदराखाली अक्षरां हायेत, जुन्या राजाच्या टायमाची. सोमवारी ती दाखवली असती तर हे गाव कालपरवाचं हाय बोलायची कोनाची हिंमत झाली नसती."

होडीचा तळ खरवडायची पट्टी घेऊन ते बसले होते. हाताला सवय तीच. थर हटेना म्हणून अ‍ॅसिड ओतलं. पण खारं पाणी आणि तेल मुरून दगड आत भुसभुशीत झाला होता.

"पयली ओळ दिसली साहेब. दिसली आन् दगडासकट हातात आली." एवढं बोलून ते ओक्साबोक्शी रडायला लागले.

"वहिनींना विचारायचं होतं," मी म्हणालो.

"ती हो बोलली असती?"

म्हातारी दिराच्या मागोमाग येऊन दारातच उभी होती, आमच्या ते लक्षात आलं नव्हतं. ती आत आली.

"भावजी, कवचाला तडा गेला व्हता. तेल मुरवला असता तर आपसूक सुटला असता. सासूबाईच्या टायमाला आईनं तसाच कवच टाकला, तवाच तर तुमच्या बापसानं अक्षरां बगितली. मना सगला म्हाईत व्हता."

"मंग बोलली का नाय, वैनी?"

"तुमीच सभेत बोललात, शेंदूर फासनाऱ्या बायांनी गावचा इतिहास बुजवला. मंग मी कशाला सांगू?"

 मग माझ्याकडे वळून तिने फिर्याद मागे घ्यायची आहे म्हणून सांगितलं. असा गुन्हा फिर्यादीच्या इच्छेने मिटत नाही, हे तिला समजावताना मला माझ्या वर्दीचा कंटाळा आला.

सोमवारी मोजणी अधिकारी आले, दगडावरून हात फिरवला आणि म्हणाले, इथे वाचता येण्यासारखं काही नाही. गावाचा निकाल आजही लागलेला नाही. मी दोषारोपपत्र पाठवलं.

गुन्हा उघडकीला आला की पोलिसाला समाधान मिळतं. या गुन्ह्यात ते मिळालं नाही. एका गावच्या दोन माणसांना एकच गोष्ट जपायची होती आणि ती ते एकमेकांपासून जपत होते. बिल्डरला काही करावंच लागलं नाही. असं भांडण वेळेत ओळखायला कुठलाही कायदा शिकवत नाही, मलाही ते फार उशिरा कळलं.

कोर्टात म्हातारीची साक्ष झाली. मी मागच्या बाकावर बसलो होतो. सरकारी वकिलांनी विचारलं, "देवीच्या दगडाचं नुकसान कोणी केलं?"

तिने आरोपीच्या पिंजऱ्याकडे पाहिलं.

"आमी दोगांनी," ती म्हणाली. "भावजींनी खरवडला आन् मी गप रायली."