दाजींच्या घरी जनावर नाही

ज्याच्या अंगावरची गोचीड आमच्या दाजींनी काढलेली नाही, असं कुत्रं सबंध नागापुरात सापडणार नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. एमआयडीसीत फिटर होते. ते निवृत्त झाले, त्यांची बोटं मात्र झाली नाहीत. चहाच्या टपरीवर बसले की एखादं कुत्रं आपणहून मान पुढे करी आणि दाजी चष्मा कपाळावर चढवून, नट ढिला करावा तशी एकेक गोचीड काढत, नखावर नख ठेवून चिरडत. मग तोच हात पँटीला पुसून बिस्कीट चहात बुडवत. मी ओरडले की म्हणत, "यादीत लिही, बाईसाहेब. दाजींना हात धुवायला लावणे." ती ओळ माझ्या यादीत खरोखरच होती, दर आठवड्याला पुढे ढकललेली.

पावसाळा सरता सरता त्यांना ताप चढला. तळहातांवर लाल पुरळ उठलं. डेंग्यू नाही, मलेरिया नाही, टायफॉईड नाही. रिपोर्ट स्वच्छ आणि माणूस खालावत चाललेला. दवाखान्यात ताईला रडू आवरेना, म्हणून यादीची वही मी हातात घेतली, कागद तारखेवार लावले. डॉक्टरांनी विचारलं, "घरी जनावरं?" मी ठामपणे "नाही" म्हणाले, लिहूनही ठेवलं. खोटं काहीच नव्हतं. ताईने घरात कधी मांजरसुद्धा घेतलेलं नाही.

पाचव्या दिवशी दाजी बरळू लागले. सकाळी डॉक्टर तपासायला वाकले, तर दाजींनी त्यांच्या शर्टाचं बटण चिमटीत धरलं. "हालू नको रे मोत्या, आजून एक हाय."

"मोत्या कोण?"

"कुत्रा," मी म्हणाले. "पण घरचा नाही, टपरीवरचा. हे त्याच्या गोचिडी काढतात."

"अहो, मग हे आधी नाही का सांगायचं? गोचिडीतले जिवाणू माणसात शिरले की असाच ताप येतो!"

"तुम्ही 'घरी' विचारलं होतं," मी पुटपुटले. त्यांनी लगेच औषध बदललं. दोन दिवसांत ताप उतरला. इतक्या नीट लावलेल्या कागदांत मी नेमकी कुठे चुकले, ते मला अजून उमगलेलं नाही.

आता दाजींना मी चिमटा, साबण आणि रबरी हातमोजे आणून दिलेत. परवा मी टपरीवर गेले, तर दाजी मोजे चढवून बसले होते. मोत्या आला, हात हुंगला, मागे सरकला. दाजींच्या तोंडाकडे बघितलं. पुन्हा हात हुंगला.

"मीच हाय की रे," दाजी म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "ह्याला कसं सांगायचं, ते हाय का तुझ्या यादीत?"

मी वही उघडली खरी. पानं चाळत राहिले.