वामनभाऊंची बायको सुटली

कोणत्या तोंडानं सांगू तुम्हाला, पण सांगतोच. आयुष्यभर एसटीत कंडक्टरकी केली, त्यामुळे बोलल्याशिवाय मला राहवत नाही. या बोलण्यानंच माझा घात केला.

आमची गल्ली धंतोलीतली, म्हणजे दवाखान्यांच्या मधोमध. एकदा देशकरकाकूंच्या फाटकापाशी एक बाई चक्कर येऊन पडली. नवरा आयसीयूत आणि ही दोन दिवस उपाशी. काकूंनी तिला पोहे खाऊ घातले. दुसऱ्या दिवशी फाटकापाशी दहा जण उभे. मग पाच घरांनी वार वाटून घेतले आणि आमचं मंडळ तयार झालं. पेशंटच्या नातेवाइकांना सकाळी पोहे आणि चहा, एवढंच काम. पोहे कोणाच्याही घरचे असोत, वाढायला मी. धीर द्यायचं खातं तर मी स्वतःच मागून घेतलं होतं. ज्याच्या माणसाला सुट्टी मिळाली त्याला पेढा आणि टाळ्या, ही प्रथाही माझीच.

वामनभाऊ उमरेडकडचे, विणकर. बायको दवाखान्यात. बारा दिवस रोज यायचे, चार शब्द बोलायचे. त्या दिवशी आले ते डोळे भरून. मी विचारलं, "काय म्हणते तब्येत?"

"सुटली भाऊ. आज सकाळीच सुटली."

आता तुम्हीच सांगा, दवाखान्याच्या दारात 'सुटली' म्हणजे मी काय समजणार? मी त्यांच्या हातावर पेढा ठेवला आणि रांगेतल्या वीस-पंचवीस माणसांना टाळ्या वाजवायला लावल्या. डोळे आनंदानं भरलेत, असं मी धरून चाललो. गाडी केली का विचारलं, तर म्हणाले, येऊन राहिली. मी म्हटलं, रस्त्यात दचके फार, तिले बसवून नेऊ नका.

"झोपवूनच नेतो," ते म्हणाले.

"हे बेस केलं. आणि घरी गेल्यावर तिले कामाले लावू नका."

ते माझ्याकडे बघतच राहिले. मग हळूच म्हणाले, "नाही लावत."

मी पेढ्यासकट त्यांचा फोटो काढून मंडळाच्या ग्रुपवर टाकला, खाली अभिनंदन लिहिलं. पटापट फुलं आणि अंगठे यायला लागले. तेवढ्यात समोरच्या दवाखान्याच्या फाटकातून गाडी बाहेर निघाली. काकूंनी माझी बाही ओढली. "अहो, गाडीवर काय लिहिलंय ते वाचा."

शववाहिनी लिहिलं होतं.

मी काकूंच्या पायरीवर बसलो. माफी मागायला तोंड उघडलं तर शब्दांऐवजी हुंदकाच बाहेर आला. वामनभाऊंनी पेढा रुमालात बांधला आणि माझ्याजवळ येऊन बसले.

"काहून रडून राहिले भाऊ? चुकीचं नाही बोलले तुम्ही. लई भोगलं तिनं. सुटलीच ना."

माझ्या पाठीवरून हात फिरवला. काकूंकडून चहा मागून मला पाजला. बायको गाडीत आणि हा माणूस पायरीवर बसून मला धीर देतोय. ड्रायव्हरनं तीनदा हॉर्न वाजवला, तेव्हा कुठे मी त्यांचा हात सोडला.