पुसायला चार तास लागतात

आमचं दुकान तुमसरला, बस स्टँडच्या मागच्या गल्लीत. कॉम्प्युटर दुरुस्तीचं. सुखदेव भाऊ आणि मी भागीदार. भाऊ आधी रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायचे, म्हणून स्क्रूड्रायव्हर त्यांच्याकडे. मी कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचे, म्हणून कीबोर्ड माझ्याकडे. बिघडलेली मशीन आणणारा माणूस ती टेबलावर ठेवतो, 'संध्याकाळी येतो' म्हणतो आणि निघून जातो. त्याचा किस्सा होत नाही. पण जुना कॉम्प्युटर कोणाला तरी देऊन टाकायचा आहे, त्याआधी आतलं सगळं पुसून पाहिजे, असं म्हणणारा माणूस जात नाही. तो बसतो. पूर्ण डिस्क नीट पुसायला तीन-चार तास लागतात, आणि तेवढ्या वेळात माणूस आपण काय पुसून राहिलो ते सांगून टाकतो. आम्ही विचारत नाही. तरी साचत जातं. डिस्क त्यांची रिकामी होते आणि भरतो आम्ही.

* * *

पहिला किस्सा माझ्या चुकीचा आहे. तो सांगितल्याशिवाय पुढचे सांगायचा मला हक्क नाही.

मोहाडीकडचे एक गुरुजी. निवृत्त झाल्यावर त्यांनी आपला कॉम्प्युटर गावातल्या वाचनालयाला द्यायचं ठरवलं. माझ्याकडे आणला. मी तेव्हा नवी होते. फॉरमॅट मारला, वीस मिनिटांत विंडोज टाकून दिलं, आणि म्हटलं, "सगळं साफ झालं, गुरुजी."

सहा महिन्यांनी वाचनालयात कोणाचा तरी भरलेला अर्ज डिलीट झाला. तो शोधायला त्यानं इंटरनेटवरून एक फुकटचं सॉफ्टवेअर घेतलं, गेलेल्या फायली परत आणणारं. त्याचा अर्ज आलाच, सोबत गुरुजींच्या जुन्या फायलीही आल्या. त्यात नागपूरच्या दवाखान्यातला एक रिपोर्ट होता, गुरुजींच्या बायकोच्या नावाचा. बायकोला घरी सांगितलं होतं की गाठ साधी आहे, गोळ्यांनी विरघळेल. गाठ साधी नव्हती. ते एकट्या गुरुजींनाच माहीत होतं.

दोन दिवसांनी शेजारची बाई भाजी निवडता निवडता त्यांना म्हणाली, वहिनी, एवढा मोठा आजार आणि तुमी पाणी भरून राहिल्या?

गुरुजी दुकानात आले तेव्हा मला वाटलं, आता ओरडतील. त्यांनी फक्त विचारलं, तुम्ही पुसलं होतं ना? मी सांगितलं की फॉरमॅटनं फायली जात नाहीत, फायलींचा पत्ता जातो. जागा रिकामी दिसते, पण नवीन काही त्यावर लिहिलं जाईपर्यंत जुनं तिथंच असतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे अनुक्रमणिका फाडली, धडे राहिले."

गुरुजींची बायको त्यानंतर अकरा महिने जगली. पुढे कधीतरी गुरुजी पेन ड्राइव्ह घ्यायला आले होते, तेव्हा मी माफी मागितली. त्यांनी हात हलवला. ज्या दिवशी बायकोला कळलं त्या दिवशी ती त्यांच्यावर रागावलीच नाही, असं ते म्हणाले. रात्रीचं जेवण वाढता वाढता तिनं एवढंच विचारलं, "तुमी एकटेच काहून रडून घेत होते?"

* * *

तेव्हापासून आमचा नियम झाला. डिस्कच्या पहिल्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंत शून्यं लिहीत जायची, एक कणही सोडायचा नाही. आणि सुरू करायच्या आधी गिऱ्हाइकाला तीनदा विचारायचं, पाहिजे ते काढून घेतलं का? भाऊंनी पुठ्ठ्यावर मार्करनं लिहून भिंतीला लावलं: 'इथं पुसलेलं परत मिळत नाही.'

हे वाचून एक काका निर्धास्त झाले होते. तालुक्याच्या ऑफिसात कारकून होते. त्यांनी रिक्षातून नुसता मॉनिटर आणला, रुमालात बांधून. म्हणाले, याच्यातलं सगळं पुसा, बँकेचं हाय, पेन्शनचं हाय. मी म्हटलं, काका, हा तर पडदा आहे, माल सीपीयूच्या डब्यात असतो. डबा कुठं आहे? डबा त्यांनी आदल्या आठवड्यात भंगारवाल्याला देऊन टाकला होता.

काकांचं तोंड पांढरं पडलं. भाऊंनी त्यांना मोटारसायकलवर मागं बसवलं आणि थेट भंगारवाल्याचं घर गाठलं. डबा उघडलेला, लोखंड वेगळं, तांबं वेगळं, डिस्कही फोडलेली. आतली चकती कुठं गेली म्हणून विचारलं, तर त्यानं दाराकडे बोट केलं. चकती आरशासारखी चकाकते ना, त्यानं ती खिळ्याला टांगली होती आणि त्याची म्हातारी आई तिच्यात पाहून कुंकू लावत होती. चकतीवर बोटांचे ठसे, कुंकवाचे डाग, मधोमध एक ओरखडा.

काकांनी भाऊंकडे पाहिलं. भाऊ म्हणाले, "काका, याच्यापेक्षा चांगलं आम्हाले पुसता येत नाही."

* * *

आंधळगावचे एक विणकर होते. घरात पिढ्यान् पिढ्या हातमाग. त्यांनी उतारवयात कॉम्प्युटर शिकून घेतला होता आणि लुगड्यांच्या काठांचे नमुने त्यावर चौकटी भरून काढायचे. मी ते पाहिले, शंभराच्या वर असतील. माग बंद केला होता, गुडघे राहिले नव्हते. कॉम्प्युटर भाचीला द्यायचा होता.

मी म्हटलं, हे नमुने पेन ड्राइव्हवर घेऊन देते, जागा कितीशी लागते. ते नाही म्हणाले. मी पुन्हा विचारलं. नियमाप्रमाणे तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा त्यांनी सांगितलं की एक व्यापारी दोनदा घरी येऊन गेला. त्याला नमुने पाहिजेत, पॉवरलूमवर टाकायला. पोरगा म्हणतो देऊन टाका, तुमच्या काय कामाचे.

"माह्या हातानं विनलं नाही, ते मशीननं कायले विनावं?"

साडेतीन तास ते स्टुलावर बसून होते. चहा दिला, तो निवून गेला. पडद्यावरची पट्टी सरकायची तसं अधूनमधून मला विचारायचे, आता कोणता गेला असेल? मी म्हटलं, तसं कळत नाही काका, नमुना नमुना करून जात नाही, सगळ्यांचे तुकडे तुकडे जात असतात. त्यांनी मान हलवली. म्हणाले, उसवतानाही तसंच असते.

शंभर टक्के झाल्यावर त्यांनी माझ्या पावतीपुस्तकाचा एक कोरा कागद मागितला आणि पेन्सिलीनं त्यावर चौकटी भरायला लागले. दहा-बारा चौकटी भरल्या आणि थांबले. पेन्सिल पुढच्या चौकटीवर टेकवली, उचलली. मग कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि म्हणाले, "चाला, गेला."

* * *

एक बाई नवऱ्याचा कॉम्प्युटर घेऊन आल्या. नवऱ्याला जाऊन वर्ष झालं होतं. वर्षश्राद्ध करून दुसऱ्याच दिवशी आल्या. दिराच्या मुलीला द्यायचा होता, ती बारावीला होती.

काही फोटो, कागदपत्रं काढून घ्यायची का, मी विचारलं. नाही म्हणाल्या. विम्याचं, घराचं काही असेल, एकदा नजर टाकून घ्या, मी पाच मिनिटं बाहेर जाते, असंही सुचवलं. त्या बाकावर पदर सावरून बसल्या होत्या, पडद्याकडे पाठ करून.

"मी चहा घेऊन खोलीत गेली का ते स्क्रीन बंद करत. तेवीस वर्षं. त्यायनं जितेपनी दाखवलं नाही, आता मेल्यावर कायले पाहू?"

मी सुरू केलं. चार तासांत त्यांनी एकदाही वळून पाहिलं नाही. जाताना मात्र दारातून परत आल्या आणि हळूच विचारलं, की पुसताना मला काही दिसलं का. मी म्हटलं, नाही ताई, पुसताना आम्हाला काहीच दिसत नाही, नुसते आकडे दिसतात.

त्या म्हणाल्या, "बरं झालं." पण त्यांचा चेहरा बरं झाल्यासारखा नव्हता.

* * *

सगळ्यांना चार तास लागतात असंही नाही. नव्या लॅपटॉपमध्ये फिरणारी चकती नसते, चिपची डिस्क असते. तिला शून्यं भरत बसायची गरज नाही. तिच्यातच पुसायची सोय दिलेली असते, हुकूम दिला की झालं.

जिल्ह्याच्या दवाखान्यातली एक नर्स असा लॅपटॉप घेऊन आली. घटस्फोट झाला होता, ते तिनं आल्या आल्याच सांगितलं, जसं पेशंटला सुई टोचताना सांगतात तसं. लॅपटॉप लहान बहिणीला द्यायचा होता. लग्नाचे फोटो, फिरायला गेले ते फोटो, भाड्याच्या घराचा करार, कोर्टाचे कागद, सगळं त्यात. पाहिजे ते तिनं आधीच काढून घेतलं होतं. मी सगळ्या खात्यांतून तिला बाहेर काढलं, मेल, फोटो, बँक, आणि मग हुकूम दिला. पडद्यावर 'पूर्ण झालं' आलं.

ती म्हणाली, "बस? नऊ वर्षं, आणि दीड मिनिट?"

तिनं त्या दिवसाची सुट्टी काढली होती. पर्समध्ये पाण्याची बाटली, डबा, सगळं घेऊन आली होती. लॅपटॉप पिशवीत टाकला आणि तरीही बसून राहिली. भाऊंनी पंखा तिच्याकडे वळवला. दुपारी तिनं आमच्यासोबत डबा खाल्ला, वांग्याची भाजी होती. तीन वाजता उठली आणि म्हणाली, चला, आता झालं असेल.

* * *

आणि हे आंबागडकडचं जोडपं. साठीच्या पुढचे दोघं, धानाची शेती. बसमधून उतरून म्हाताऱ्यानं कॉम्प्युटरचा डबा खांद्यावर आणला, मागून म्हातारी कीबोर्ड छातीशी धरून. पोराचा कॉम्प्युटर होता. पोरगा सहा वर्षांपूर्वी घर सोडून गेला. बाप-लेकाचं भांडण झालं, बाप एक शब्द बोलून गेला, सकाळी पोरगा नव्हता. फोन बंद. जिवंत आहे एवढं कळत होतं, कोणाला तरी सुरतेकडे दिसला होता. बाप कोणता शब्द बोलला, ते त्यांनी सांगितलं नाही.

आता गावात मुलींसाठी अभ्यासिका निघाली होती, तिला कॉम्प्युटर द्यायचा होता. म्हातारा म्हणाला, पोराचं जे असेल ते पुसून द्या, कोणाच्या हाती लागायला नको. पण त्याला पासवर्ड होता आणि तो कोणाला माहीत नव्हता. सुरुवातीला त्यांनी शेजारच्या मास्तराकडून खूप टाकून पाहिले होते. जन्मतारीख, देवाचं नाव, बैलाचं नाव. काही उघडलं नाही, तेव्हापासून डबा कोपऱ्यात झाकून.

मी म्हटलं, काका, पुसायला पासवर्ड लागत नाही.

"उघडता येत नाही, पन पुसता येते?"

खरं सांगायला पाहिजे होतं, म्हणून सांगितलं. म्हटलं, उघडताही येईल. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली तर बहुतेक वेळा आतलं सगळं दिसतं.

म्हातारा माझ्याकडे पाहत राहिला. सहा वर्षं हे उघडता येत होतं, हे त्याला कळायला वेळ लागला. कुठं गेला, कोणाकडे गेला, काय लिहून गेला, यातलं काही आत असू शकतं, हेही. त्यानं खांद्यावरच्या दुपट्ट्यानं तोंड पुसलं आणि म्हणाला, "तं मंग उघडा. पाहू आधी."

भाऊंनी स्क्रूड्रायव्हर उचलला. म्हातारीनं डब्यावर हात ठेवला.

"खोलू नका. लावा नुसता."

मी मॉनिटर जोडला, बटण दाबलं. पासवर्डची चौकट आली. म्हातारीनं आपला कीबोर्ड पुढं ओढला आणि एका बोटानं टाइप करायला लागली. शाळेत चौथीपर्यंत गेलेली बाई. पण तिचं बोट अक्षरं शोधत नव्हतं.

उघडलं.

पडद्यावर तळ्याच्या पाळीवर उभा असलेला एक तरुण, ओल्या केसांचा, हसत.

म्हाताऱ्यानं बायकोकडे पाहिलं, मग पडद्याकडे, मग पुन्हा बायकोकडे.

"तुले मालूम होता?"

ती पडद्याकडे पाहत होती.

"कधीपासून?"

म्हातारा स्टुलावर बसला. खाली पाहत, अगदी हळू आवाजात त्यानं विचारलं, "त्याच्यात माह्याबद्दल काय हाय?"

म्हातारीनं कीबोर्ड माझ्याकडे सरकवला.

"पुसा, बाई."