बाराव्या ओळीतला ऑर्मंड

शिक्रापूरच्या चौकात ट्रक अडकले की पुण्याकडचे आणि नगरकडचे लोक एकमेकांच्या आयाबहिणींची आठवण काढत तासन् तास उभे असतात. त्याच चौकात, हार्डवेअरच्या दुकानाच्या माडीवर, २००३ सालच्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉलची इत्थंभूत माहिती टाइप होत होती. कुणी किती वेळ खेळलं, किती चेंडू टोपलीत टाकले, किती वेळा दुसऱ्याला धक्का मारला, सगळं. गावात दिवसाआड नळाला पाणी येत होतं आणि ते किती आलं याची नोंद कुणाकडंच नव्हती. पण अमेरिकेतल्या सहा फूट दहा इंची माणसाच्या हातून चेंडू किती वेळा निसटला, हे इथं दोन-दोनदा तपासलं जाई.

प्लेऑफ चालू होते. म्हणजे हंगामातले चांगले संघ निवडायचे आणि त्यांच्या जोड्या लावून द्यायच्या. एका जोडीनं आपसात सात सामन्यांपर्यंत भांडायचं, आधी चार जिंकेल तो पुढं. भावकीतली भांडणंसुद्धा इतकी शिस्तीत होत नाहीत. तिकडची रात्र ती आपली सकाळ, त्यामुळं नऊ वाजता आदल्या सामन्याच्या तक्त्याचा फोटो फोनच्या तारेतून शिक्रापुरात येई आणि माडीवरचे सहा जण तो टाइप करायला बसत.

त्या सहांत आनंदराव एकटेच बावन्न वर्षांचे. शिरूरला त्यांची अठ्ठावीस वर्षं टायपिंगची इन्स्टिट्यूट होती. तालुक्यातले निम्मे कारकून त्यांच्या हाताखालून गेले. त्यातल्या एकानंही पुढं नोकरीत वेगानं काम केल्याचं ऐकिवात नाही, पण तो दोष आनंदरावांचा नव्हे. मग संगणक आला, मशिनी भंगारात गेल्या आणि आनंदराव तीन वर्षं घरी बसले. धडधाकट माणूस सकाळी अंघोळ करून, भांग पाडून ओट्यावर बसतो आणि दुपारी जेवायला उठतो. येणारा-जाणारा "काय सर, निवांत?" असं विचारी, तेव्हा त्यांना मेल्याहून मेल्यासारखं होई.

त्यांचं एक तत्त्व होतं. टायपिस्टनं मजकूर वाचायचा नसतो. डोळ्यानं बघायचं आणि बोटांनी मारायचं, मधे डोकं आणायचं नाही. "वाचलास की चुकलास," असं म्हणून त्यांनी अठ्ठावीस वर्षं पोरापोरींच्या बोटांवर पट्ट्या मारल्या होत्या. अमेरिकेतल्या बास्केटबॉलला हे तत्त्व फारच मानवलं. आनंदरावांना त्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि दोन महिन्यांत त्यांची एकही चूक निघाली नव्हती.

माडीवरची पद्धत अशी, की एकच तक्ता दोघांनी वेगवेगळा टाइप करायचा. मग संगणक दोन्ही ताडून बघे. जिथं फरक दिसेल तिथं लाल रेघ. मूळ फोटो बघून चुकणाऱ्याच्या नावावर चूक मांडली जाई. दोघांनी मिळून एकच चूक केली तर मात्र ती बरोबर धरली जाई. कचेऱ्यांतून हेलपाटे घातलेल्या कुणालाही यात नवल वाटलं नसतं.

आनंदरावांची जोडीदार निखत, बांगड्यांच्या दुकानवाल्या चांदभाईंची पोरगी. ती आनंदरावांच्याच शेवटच्या बॅचची. दोघं शिरूरहून एकाच एसटीनं येत. मे महिन्यात सुपरवायझर स्वराजनं सगळ्यांना उभं करून सांगितलं, की प्लेऑफ संपले की काम निम्म्यावर येणार. प्रत्येक जोडीतला एकच राहील, ज्याच्या चुका कमी तो. स्वराज चोवीस वर्षांचा होता आणि हे सांगताना त्यानं 'ॲक्युरसी' हा शब्द नऊ वेळा वापरला. आनंदरावांच्या नावावर शून्य चुका होत्या, निखतच्या नावावर एक. त्या दिवशी परतीच्या एसटीत दोघंही खिडकीबाहेर बघत बसले, आणि खिडकी एकच होती.

एवढ्या तत्त्वाच्या माणसाकडून एक आगळीक घडली. ते एक ओळ वाचू लागले.

प्रत्येक संघाची बारा नावं असत. अकरांपुढं आकडे, आणि एका संघातल्या बाराव्यापुढं कायम तीच पाच इंग्रजी अक्षरं. त्याचं नाव ऑर्मंड. पाच-सहा तक्ते झाल्यावर आनंदरावांनी स्वराजला त्या अक्षरांचा अर्थ विचारला.

"खेळला नाही, कोचचा निर्णय, असं हाय ते सर."

"म्हंजी आजारी हाय का?"

"न्हाई वो, धडधाकट हाय. नुसता बसवून ठेवलाय."

हे आनंदरावांच्या जिव्हारी लागलं. त्यांनी घरी बायकोला, भामाबाईला सांगितलं. तेव्हापासून संध्याकाळी चपला काढायच्या आत भामाबाई विचारी, "आवं, खेळवलं का त्या पोराला?" आनंदराव मान हलवीत. "मुडदा बशिवला त्या कोचचा," असं म्हणून भामाबाई चहा टाकी. जगात ऑर्मंडची एवढी काळजी कुणी करत असेल तर त्याची आई आणि शिरूरची भामाबाई.

सामने सरत गेले आणि संघ जिंकत गेला. ऑर्मंड बसून राहिला. आनंदरावांची बोटं त्या ओळीवर आली की ती पाच अक्षरं आपोआप पडत. मनात मात्र रोज एकच येई, आज तरी उठव रे बाबा त्याला.

मेच्या शेवटच्या शनिवारी तक्ता उशिरा आला. दहाला वीज जायची होती, म्हणून स्वराज पाठीमागं उभा राहून घड्याळ बघत होता. तेवढ्यानं काम लवकर होतं असा सुपरवायझर लोकांचा समज असतो. आनंदरावांनी अकरा मिनिटांत तक्ता संपवला, पाठवून दिला, तसा स्वराज आपल्या जागेवर गेला, आणि ते जिन्यातला चहा घेऊन निखतच्या खुर्चीमागं आले.

"आज पन बसवलंच की त्याला," ते हळहळून म्हणाले.

निखतनं वळून बघितलं. "सर, आज खेळला की तो. तीन मिनिटं. दोन पॉइंट हायेत."

आनंदरावांनी चष्मा पुसून फोटो बघितला. बाराव्या ओळीत ऑर्मंड. तीन मिनिटं. दोन गुण. ज्या दिवसाची ते महिनाभर वाट बघत होते तो दिवस त्यांच्या डोळ्यांखालून गेला होता, आणि त्यांनी स्वतःच्या बोटांनी लिहून पाठवलं होतं, की हा माणूस खेळला नाही. पाठवलेला तक्ता परत उघडत नसे.

निखतला सगळं एका क्षणात समजलं. ती हळूच म्हणाली, "माझं अजून पाठवलं न्हाई सर. मी पन तसंच टाकते. दोघांचं सारखं झालं तर कोन बघतंय?"

"आन् चुका?"

"तुमची शून्य, माझी एक. तुम्ही ऱ्हावा. मला दुसरीकडं कुठंतरी मिळंल. तुम्हाला कोन घेनार आता?"

पोरगी खरं बोलत होती. खरं असं बावन्नाव्या वर्षी आपल्याच विद्यार्थिनीच्या तोंडून ऐकायला मिळावं, याहून मोठी गुरुदक्षिणा ती कोणती? आनंदराव मोठे सत्यवान होते असं कुणी समजू नये. त्यांना शिरूरचा ओटा दिसत होता. अमेरिकेतल्या एका अनोळखी माणसाच्या दोन गुणांपायी पुन्हा त्या ओट्यावर जाऊन बसायचं? चहावर साय धरली तरी त्यांचं ठरेना. पंखा थांबला, वीज गेली. जनरेटर चालू झाला आणि पडदे पुन्हा उजळले.

"तो उठला का न्हाई आज?" आनंदराव म्हणाले.

"उठला."

"मग टाक दोन."

"सर..."

"टाक म्हनलं ना. आन् वाचून टाक."

निखतनं दोन टाकले आणि तक्ता पाठवला. थोड्याच वेळात स्वराजच्या पडद्यावर लाल रेघ उमटली. त्यानं फोटो ताडून बघितला, आनंदरावांकडं बघितलं, आणि अवघडून एरर स्लिपचा कागद पुढं केला. प्लेऑफ आठ दिवसांत संपणार होते. निखतची एक, आनंदरावांची एक. बरोबरी झाली तर कमी वयाचा राहणार, हे वरून आधीच आलं होतं.

स्लिपवर 'कारण' असा रकाना असे. त्यात सगळे एकच कारण लिहीत. आनंदरावांनी पेन घेतलं आणि वळणदार अक्षरात लिहिलं, 'वाचलं नाही.'

स्वराज कळवळला. पोरगं मनानं वाईट नव्हतं. "सर, असं नका लिहू. लाईट गेली होती म्हना. लाईटची चूक आपन मोजत न्हाई. वर कोन इचारतंय?"

आनंदरावांनी एकदा निखतकडं बघितलं. ती मान खाली घालून बसली होती.

"लाईट होती," आनंदराव म्हणाले, आणि खाली सही केली.