बयनाबाईची बादली

"जेवण छान झालं हं," असं कुणी म्हटलं की बयनाबाईचं तोंड वाकडं व्हायचं. तोंडावर केलेल्या तारिफेवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. तिचा विश्वास होता एका निळ्या प्लास्टिकच्या बादलीवर. ही बादली ताटं धुवायच्या नळाजवळ ठेवलेली असे. जेवण झालं की जो तो आपल्या ताटातलं उरलंसुरलं तिच्यात झाडी, आणि बयनाबाई पदर खोचून, कमरेवर हात ठेवून शेजारी उभी राही. कुणी काय टाकलं, किती टाकलं, सगळं तिच्या ध्यानात राहायचं. एका शिक्षिकेनं सलग दोन दिवस वरण टाकलं, तेव्हा तिला पोर होणार हे तिच्या नवऱ्याच्या आधी बयनाबाईला कळलं होतं.

तेलुगू मुलखातल्या इचोड्याला हायवेपासून जरा आत ही संस्था. गोंड आणि कोलाम पोरांसाठी त्यांच्या भाषेतली पहिली पुस्तकं छापायची, आणि गुड्यागुड्यावर, म्हणजे वस्त्यावस्त्यांवर, शिकवणाऱ्या चाळीस बायांना वर्षातून एकदा बोलावून पाच दिवसांचं शिबिर घ्यायचं, हे संस्थेचं काम. शिबिराचे फोटो निघत, अहवाल छापला जाई. त्यात पुस्तकं लिहिणारे दिसत, चित्रं काढणारे दिसत, पाहुणे तर दिसतच दिसत. चौदा वर्षं इथं स्वयंपाक करूनही बयनाबाई एकाही फोटोत आली नव्हती. एकदा तिची कढई आली होती, अर्धीच, तरी तो फोटो तिनं मिठाच्या डब्यामागे जपून ठेवला होता.

बादलीतलं खरकटं वॉचमन बाबारावच्या म्हशीचं. शिबिराच्या पाच दिवसांत म्हशीला जवळजवळ उपास घडायचा, आणि बाबाराव वैतागून म्हणायचा, "बयनाबाई, तुह्या हाताच्या चवीनं माही म्हैस मरन एक दिवस." बयनाबाईला मान्य असलेली तारीफ ही एवढी एकच.

बयनाबाईचं वय पन्नाशीच्या पुढचं. गाव नेरडीगोंड्याच्या अलीकडे, घरची भाजीपाल्याची वाडी, नवरा पांडुरंगराव सरळ माणूस. पण घरच्या चुलीवर अजून सासूचं राज्य होतं. सासू नव्वदीला टेकली होती, तरी तिखटाच्या डब्याची चावी तिच्याच कमरेला. घरी बयनाबाईनं भाजी केली तरी मीठ सासू टाकायची. म्हणजे ज्या स्वयंपाकघरात आपल्या हातानं मीठ टाकावं असं स्वयंपाकघर तिला उभ्या जन्मात एकच मिळालं होतं, ते संस्थेचं.

आणि तेच जायची वेळ आली.

हैदराबादच्या मुख्य ऑफिसातून पत्र आलं. संस्थेचा मॅनेजर प्रवीण, पोरगेला, भला, घाबरट. त्यानं ते स्वयंपाकघरात येऊन वाचून दाखवलं. शिबिर दरवर्षी मे महिन्यात व्हायचं. ऊन फार म्हणून यंदा ते भादव्यात, पोळा झाल्यावर घ्यायचं. आणि यापुढे स्वयंपाकाचं काम ठेक्यानं द्यायचा विचार आहे. शिबिराच्या चौथ्या दिवशी भाग्यलक्ष्मी मॅडम स्वतः येतील. दुपारी बयनाबाईचं जेवण, रात्री हायवेवरच्या ढाबेवाल्या कुलदीपचं. ज्याचं जेवण बाया पोटभर खातील, त्याला काम.

"मावशी, तुमी घाबरू नका," प्रवीण म्हणाला, आणि कागद उलटा धरून पुन्हा वाचायला लागला.

"मी काऊन घाबरू? बादली हाय ना," बयनाबाई म्हणाली, आणि तिनं चहात दोनदा साखर टाकली.

भादवा म्हणजे वाडी नुसती भरलेली. मे महिन्यात तिला बटाट्या-वांग्यांवर दिवस काढावे लागत. यंदा म्हटलं दाखवतेच. पहिल्या दिवशी पांडुरंगराव सकाळच्या ऑटोनं घरची भाजी घेऊन आले. कोवळ्या काकड्या, वालाच्या शेंगा, मक्याची दुधाळ कणसं, आणि परवाच झोडपलेला नवा मूग. बयनाबाईनं मुगाचं वरण केलं, शेंगांची भाजी केली, काकडीची कोशिंबीर केली. बाया जेवल्या, हात जोडले, "पोट भरलं वं माय," म्हणाल्या आणि नळाकडे आल्या.

बादली निम्मी भरली.

बयनाबाईला वाटलं, मीठ कमी पडलं असेल. दुसऱ्या दिवशी तिनं नव्या मुगाची खिचडी केली, मक्याची उसळ केली, वर लसणाचं तेल सोडलं. बादली काठोकाठ. रात्री तिनं मिरची बदलली. तिसऱ्या दिवसासाठी पांडुरंगरावांना फोन करून, पहाटे तोडलेलं दव असलेलं पाठवा म्हणून बजावलं. ती भाजी जितकी ताजी करत गेली तितकी बादली जड होत गेली. तिनं सिलिंडरवर संशय घेतला, नळाच्या पाण्यावर घेतला, शेवटी गुपचूप मीठ-मोहऱ्या उतरवून कढईची दृष्टही काढली. बाबारावची म्हैस तेवढी तीन दिवसांत पाठीवर चमकायला लागली.

"देव पावला," बाबाराव म्हणाला. बयनाबाईनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो म्हैस सोडून गेटवर जाऊन उभा राहिला.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती ताट-वाट्या मोजायला पुस्तकांच्या गोदामामागे गेली, आणि जागच्या जागी थिजली. कडुनिंबाखाली पंधरावीस शिक्षिका घोळका करून बसल्या होत्या. प्रत्येकीच्या मांडीवर घरून आणलेली शिदोरी. वाळकी ज्वारीची भाकर, तिखट, कांदा. आणि चवीचवीनं खाणं चाललेलं! चौदा वर्षं जिच्या हातचं खाल्लं तिच्या पाठीमागे!

"असं हाय का!" बयनाबाई ओरडली. "माहं अन्न म्हशीले, अन् तुमी इथं चोरून भाकर खाऊन राह्यल्या! मले जहर तं नाई येत ना घालता?" म्हणता म्हणता तिला रडूच आलं, आणि आपण रडतोय याचा राग आला, त्यामुळे ती आणखीच मोठ्यानं ओरडली.

बायांमध्ये सगळ्यांत थोरली मेसराम सोनाबाई. ती उठली, हात पुसले आणि बयनाबाईला धरून स्वयंपाकघरात घेऊन गेली.

"तुह्या हातात काई खोट नाई वं बाई," ती म्हणाली. "आमचं नवं नाई झालं अजून."

"नवं म्हणजे?"

"नवं पीक. नवा मूग, नवं कणीस, नवी काकडी, काईबी असो. घरच्या देवाले दाखवल्याशिवाय आमी तोंडाले लावत नाई. दोघीचौघींच्या घरी झालं, त्या खाऊन राह्यल्या. बाकीच्यांचं येत्या आठवड्यात."

"मंग सांगाले का झालं होतं तुमाले?"

"तू इतक्या मायेनं वाढून राह्यली होती. तुले नको कसं म्हणाव? अन् आमाले वाटलं, संस्थेत तं सगळ्याईले माहीत असंन." सोनाबाईनं मसाल्याच्या फळीवरचा डबा उचलला. फळीवर छापताना खराब झालेले कागद अंथरलेले होते, ते दरवर्षी बदलत. एका कागदावर चित्र होतं: एक बाई देवापुढे पानावर कणसं मांडते आहे. "हे पाय. तिसऱ्या पुस्तकाचा धडा. मीच सांगतला, प्रवीणभाऊनं लिवून घेतला."

प्रवीणनं तो धडा चार वेळा तपासला होता. त्यातली एकेक मात्रा त्याला पाठ होती. बयनाबाईनं त्यावर तीन महिने हळदीचा डबा ठेवला होता. आणि तिच्या वाडीच्या बांधापलीकडेच गोंडांचा गुडा होता. दरवर्षी पोळ्यानंतर तिकडे ढोल वाजायचा, तिला वाटायचं कुणाचं तरी लग्न असेल. भादव्यात लग्न कोण करतं, हा विचार तिनं तीस वर्षांत केला नव्हता. तिनं कपाळावर हात मारला, डोळे पुसले आणि पिशवी घेऊन सरळ बाजारात गेली.

सुरेंद्रचं किराणा दुकान बस स्टँडसमोर.

"सुरेंद्रभाऊ, मूग पाहिजे. जुना."

"आपल्या दुकानात जुना माल राह्यतच नाई, मावशी. हा पाहा, परवाच आला. हिरवागार."

"नवा नको. मागच्या सालचा दे. किडा लागला असंन तरी चालंन, मी निवडून घेईन."

धंद्यात वीस वर्षं झाली, पण सुरेंद्रकडे जुना माल कुणी मागितला नव्हता. त्यानं बयनाबाईच्या खांद्यावरून रस्त्याकडे पाहिलं. तिथं एक सरकारी जीप उभी होती. ती वीजवाल्यांची होती, पण सुरेंद्रला घाम फुटला. "मावशी," तो हळूच म्हणाला, "तुमाले कोणी पाठवलं?"

"चवदा वर्सं मले जुनी डाळ नवी म्हणून देऊन राह्यला, मी काई बोलली का? आज तीच मागून राह्यली, तं तुहा माल एकदम ताजा झाला?"

सुरेंद्रनं जीप हलेपर्यंत दम धरला. मग शटर अर्धं ओढलं आणि मागच्या खोलीतून, हातभट्टीची दारू आणावी तशा चेहऱ्यानं, एक पोतं आणलं. बयनाबाईनं मूठभर मूग तळहातावर घेतला. फिका, सुरकुतलेला, धूळ बसलेला. इतकं सुंदर धान्य तिनं कधी पाहिलं नव्हतं. भाजीचं काम तिच्या घरच्या पत्र्याच्या डब्यानं केलं: गेल्या उन्हाळ्यात वाळवलेल्या वांग्याच्या फोडी, गवारीच्या शेंगा, सांडगे. डब्याची चावी सासूकडून काढायला पांडुरंगरावांना मात्र अर्धा दिवस लागला.

चौथ्या दिवशी भाग्यलक्ष्मी मॅडम आल्या. हातात छापील फॉर्म. त्यात एक रकाना होता: कच्चा माल ताजा, साधारण की जुना. प्रवीणनं बयनाबाईला सकाळपासून दहा वेळा पढवलं होतं, काहीही विचारलं तरी ताजा म्हणायचं.

"अम्मा, ये दाल ताजी है ना?" मॅडमनी विचारलं.

"नहीं मॅडम. एक साल पुरानी."

प्रवीण भिंतीला टेकला.

"और सब्जी?"

"वो बी पिछले साल की."

"कुछ भी ताजा नहीं है?"

बयनाबाईनं प्रामाणिकपणे विचार केला. "पानी ताजा है," ती म्हणाली.

मॅडमनी जुना या शब्दावर जोरात खूण केली. पण मग बाया जेवायला बसल्या. भाकर तीनदा थापावी लागली. वाळल्या वांग्याचा रस्सा बोटांनी पुसून खाल्ला गेला. नळाजवळच्या बादलीत शेवटी पडलं काय, तर कढीपत्त्याची चार पानं आणि मिरचीचा एक देठ. मॅडम बादलीत पाहात राहिल्या, मग आपल्या फॉर्मकडे पाहात राहिल्या.

रात्री कुलदीप आला. डोक्यावर पांढरी टोपी, पातेल्यांवर चकचकीत झाकणं. "एकदम फ्रेश! आज सकाळी तोडलेलं!" असं सांगत तो स्वतः वाढत होता. मक्याची भाजी, नव्या मुगाची दाल फ्राय, काकडीच्या चकत्या फुलासारख्या मांडलेल्या. बायांनी हात जोडले, नुसत्या पोळ्या खाल्ल्या, पोट भरलं म्हणाल्या आणि नळाकडे निघाल्या.

बयनाबाई सवयीनं बादलीजवळ उभी होती. खोटं कशाला बोला, तिला आनंद झाला. पहिल्या दहा ताटांपर्यंत तर भलताच झाला. आता तोंड उघडायचं नाही एवढंच तिला करायचं होतं. तेवढ्यात कुलदीप पातेल्याशी गेला, दालीत बोट बुडवून चाटलं, पुन्हा बुडवलं, पुन्हा चाटलं, आणि टोपी काढून तसाच उभा राहिला. तीन दिवस बयनाबाईनं हेच केलं होतं. तिला ते पाहवेना.

"मीठ नको पाहू बाबा," ती म्हणाली. "मीठ बराबर हाय."

आणि तिनं मॅडमना हाक मारून, मोडक्यातोडक्या हिंदीत, हातवारे करत सगळं सांगितलं. मसाल्याच्या फळीवरचा हळदीचे डाग पडलेला कागदसुद्धा आणून दाखवला. "इसका खाना अच्छा है मॅडम. मेरा बी अच्छा था. हम दोनों को किसीने बताया नहीं. तारीख गलत थी."

"तारीख किसने तय की?" मॅडमनी प्रवीणला विचारलं.

"हेड ऑफिसने," प्रवीण जमिनीकडे पाहात म्हणाला.

मॅडम पुढं काही विचारेनात. हेड ऑफिसात तारखा त्याच ठरवत. त्यांनी फॉर्म पालथा केला आणि कोऱ्या बाजूवर तेलुगूत दोन ओळी लिहिल्या. प्रवीणनं त्या वाचल्या, पुन्हा वाचल्या, आणि मग मोठ्यानं मराठीत सांगितल्या: "स्वयंपाकघर बयनाबाईकडेच राहील. यापुढे शिबिराची तारीख ठरवण्याआधी त्यांना विचारावं."

बयनाबाईनं मिठाचा डबा आपल्या जागेवर सरळ करून ठेवला.

शिबिर संपून आठ दिवस झाले. दुपारच्या बसनं सोनाबाई उतरली, हातात पानात बांधलेला नव्या धान्याचा प्रसाद. "आमचं नवं झालं," ती म्हणाली. "आता काढ तुही काकडी."

काकड्या बयनाबाईनं ठेवल्या होत्या, पण त्या आता पिवळ्या पडल्या होत्या, आत बिया टणक. ती ओशाळून म्हणाली, "आता काय खातं वं, जून झाली." सोनाबाईनं ऐकलं नाही. मीठ लावून तिनं अख्खी काकडी खाल्ली, सालीसकट, बियांसकट, आणि ताट धुवायला नळाकडे गेली. बयनाबाई तिच्या मागोमाग गेली आणि बादलीजवळ उभी राहिली. सोनाबाईनं ताट झाडलं. काही पडलं नाही.